ईएसपी३२चा बोर्ड आणि ईएसपी३२चं मॉड्यूल: सेल नेमकं कोण खातं?

ईएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपबद्दल महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. "सर, डीप स्लीपला १० मायक्रोअँप लिहिलंय, मग माझा सेल पंधरा दिवसांत कसा उतरतो? कोडमध्ये काय चुकलं?" डीप स्लीप म्हणजे दोन कामांच्या मधली चिपची गाढ झोप. कोडमध्ये बहुतेकदा काहीच चुकलेलं नसतं. विचारणाऱ्याने आकडा चिपचा वाचलेला असतो आणि सेल जोडलेला असतो डेव्हलपमेंट बोर्डाला. दोन्हींना आपण सरसकट "ईएसपी३२" म्हणतो, लॅमिंग्टन रोडचा दुकानदारही तेच म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

बोर्ड तुम्ही वापरलेलाच असणार. ब्रेडबोर्डात खोचला, यूएसबी लावली, कोड चढवला, झालं. त्याच बोर्डाच्या एका टोकाला पत्र्याचं झाकण असलेली एक वडी दिसते, झाकणाच्या पुढे तांब्याची नागमोडी रेघ. ती वडी म्हणजे मॉड्यूल: वरूम-३२, १८ बाय २५.५ मिलिमीटर. झाकणाखाली चिप, ४ एमबी फ्लॅश आणि ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. नागमोडी रेघ म्हणजे अँटेना. बोर्डावरचं बाकी सगळं, म्हणजे व्होल्टेज ३.३वर आणणारा रेग्युलेटर, यूएसबीची चिप, दोन बटणं, लाल एलईडी, हे बोर्ड बनवणाऱ्याने तुमच्या सोयीसाठी बसवलेलं असतं.

आकार, किंमत, ३० पिनांचा घ्यावा की ३८ पिनांचा, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला त्यात एवढंच सांगावंसं वाटतं की रुंद बोर्ड साध्या ब्रेडबोर्डावर बसवला की जंपर लावायला भोकं उरत नाहीत. दोन ब्रेडबोर्ड शेजारी जोडा आणि पुढे चला.

अडतं ते विजेपाशी.

गेल्या वर्षी द्राक्षबागेतलं एक यंत्र माझ्या टेबलावर आलं. मातीचा ओलावा मोजायचा, दर पंधरा मिनिटांनी जागं होऊन वाय-फायवर आकडा पाठवायचा आणि पुन्हा झोपायचं, एवढंच काम. आत २६०० मिलिअँप-अवरचा एक लिथियम सेल आणि हेडरमध्ये, म्हणजे पिना खोचायच्या पट्टीत, बसवलेला बोर्ड. झोपेत असताना सेलच्या वायरीत मीटर लावला: ६.८ मिलिअँप. सोल्डरिंग आयर्नने लाल एलईडी उचलला: ५.७. मग तीन पायांचा रेग्युलेटर काढला आणि ३.३ व्होल्ट थेट बाहेरून दिले. मीटर ०.३ वर आला, आणि उरलेलं तेवढं यूएसबीच्या चिपचं होतं. चिप बिचारी पहिल्यापासून गाढ झोपलेली होती.

बहुतेक स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. पुढे काहीही जोडलेलं नसलं तरी स्वतःसाठीच तो सुमारे ५ मिलिअँप घेतो. यूएसबीवर याचा पत्ताही लागत नाही, म्हणून प्रोटोटाइप टेबलावर महिनाभर सुरळीत चालतो आणि शेतात गेला की मरतो.

हिशोब मांडून बघा. दर पंधरा मिनिटांना पाच सेकंद जाग, त्या वेळी सरासरी १०० मिलिअँप धरले, तर जागेपणाचा खर्च सरासरी ०.५६ मिलिअँप पडतो. त्यात बोर्डाचे ६.८ मिळवले की सेल जेमतेम पंधरा दिवस. उलट नुसतं मॉड्यूल घेऊन आपल्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) एपी२११२ सारखा रेग्युलेटर बसवला, जो स्वतःला ५५ मायक्रोअँप घेतो आणि ६०० मिलिअँप देतो, तर तोच सेल, तोच कोड, कागदावर साडेपाच महिन्यांच्या पुढे जातो. पहिल्या यंत्रातली जवळपास नव्वद टक्के वीज रेग्युलेटर आणि एलईडी पीत होते.

याच रेग्युलेटरचा दुसरा त्रास. एएमएस१११७ला आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतात. म्हणजे ३.३ हवे असतील तर आत ४.४ तरी हवेत, आणि पूर्ण भरलेला लिथियम सेल देतो ४.२. वाय-फाय सुरू होताना करंट एकदम उसळतो, व्होल्टेज बसतं, आणि सिरियल मॉनिटरवर "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" ही ओळ येते. यावर कोडमध्ये ब्राउनआउट डिटेक्टरच बंद करून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला त्याची मनापासून चीड आहे. वीज कमी पडतेय हे सांगणाऱ्याचंच तोंड दाबलं, तर फ्लॅशमध्ये काहीतरी अर्धवट लिहिलं जाऊन यंत्र कधी बिघडेल याचा नेम राहत नाही. दुसऱ्या टोकाचीही चूक होते: फक्त ४ मायक्रोअँप पिणारा म्हणून एचटी७३३३ बसवतात. तो २५० मिलिअँपचा आहे आणि या मॉड्यूलला निदान ५०० देऊ शकेल असा पुरवठा लागतो.

बोर्डावरून मॉड्यूलवर जाताना आणखी काही कामं तुमच्या अंगावर येतात, पण ती एकदा कळली की कळली. चिप चालू-बंद करणाऱ्या ईएन पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर वीज स्थिर व्हायच्या आत चिप उठते आणि दहातलं एखादं यंत्र सुरूच होत नाही. मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला अगदी चिकटून १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड हवेत. जीपीआयओ १२ वर रिले वगैरे टाकू नका. सुरू होताना ती पिन हाय राहिली तर फ्लॅशला १.८ व्होल्ट मिळतात आणि सगळं ठप्प. अँटेनाची बाजू पीसीबीच्या कडेला ठेवा आणि तिच्याखाली तांबं राहू देऊ नका. रेंज येत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या पीसीबींमध्ये अँटेनाखाली ग्राउंडचं तांबं ओतलेले कितीतरी असतात.

मग बोर्ड प्रॉडक्टमध्ये घालायचाच नाही का? पाच-दहा नग असतील, मेन्सवर चालणार असतील आणि बंद पेटीत भिंतीवर बसणार असतील, तर खुशाल घाला. फक्त पंपाच्या पॅनलमध्ये हेडरमध्ये खोचून ठेवू नका. मोटरचं हादरणं आणि पावसाळ्यातली दमट हवा यांत खोचलेल्या पिना सैल होतात, गंजतात. तिथे सोल्डरच हवं. रास्पबेरी पाय पिको इथे वेगळा ठरतो. २०२१ साली आलेल्या या २१ बाय ५१ मिलिमीटरच्या बोर्डाच्या कडांना अर्धी कापलेली भोकं आहेत, त्यामुळे तो अख्खा बोर्डच मॉड्यूलसारखा पीसीबीवर सोल्डर करता येतो. शिवाय त्याचा रेग्युलेटर १.८ ते ५.५ व्होल्टवर चालतो.

नग वाढले किंवा सेलवर चालवायचं झालं, की मात्र मी मॉड्यूलच घेतो. आणखी खाली जाऊन नुसती चिप घ्या, असं छोट्या उद्योगाला मी कधीच सांगत नाही. अँटेना जुळवण्यात आणि रेडिओच्या चाचण्यांत वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात.

यूएसबी नाही तर कोड कसा चढवायचा, म्हणून बरेच जण मॉड्यूलला घाबरतात. पीसीबीच्या कडेला सहा पॅड ठेवा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स, आरएक्स, ईएन आणि जीपीआयओ ०. ३.३ व्होल्टचा एक यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणि सहा पोगो पिना (पॅडवर दाबून धरायच्या स्प्रिंगच्या पिना) एवढ्यावर शंभर नग चढतात. आणि तो कन्व्हर्टर त्यानंतर तुमच्या टेबलावर राहतो, गिऱ्हाइकाच्या सेलवर नाही.