'इलेक्शन 2' : हाँगकाँगच्या एका टोळीपटाचे समीक्षकीय स्वागत

जॉनी टो (टो की-फुंग) यांनी दिग्दर्शित केलेला 'इलेक्शन 2' हा कँटनीज चित्रपट एप्रिल 2006 मध्ये हाँगकाँगला प्रदर्शित झाला. 2005 मधील 'इलेक्शन'चा हा पुढचा भाग. निर्मिती टो आणि वाय का-फाय यांनी 1996 साली स्थापन केलेल्या 'मिल्कीवे इमेज' या संस्थेची. पटकथा याउ नाय-होई आणि यिप तिन-शिंग यांची. गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग म्हटला की समीक्षक सहसा हात आखडता घेतात. इथे उलटे घडले. पहिल्या भागाला एप्रिल 2006 मध्ये झालेल्या हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, पटकथा आणि अभिनेता (टोनी लेउंग का-फाय) असे मानाचे सगळे पुरस्कार मिळाले होते. त्याच महिन्यात आलेला दुसरा भाग अनेक समीक्षकांनी त्याच्याही वर ठेवला आणि हाँगकाँगच्या राजकारणावरचा सर्वांत धीट चित्रपट म्हणून त्याची दखल घेतली.

स्वागत कशाचे झाले हे समजण्यासाठी कथा थोडक्यात सांगावी लागते. 'ट्रायड' म्हणजे हाँगकाँगमधील गुप्त गुन्हेगारी संघटना. चित्रपटातील 'वो शिंग' ही अशीच एक जुनी संघटना असून तिथे दर दोन वर्षांनी ज्येष्ठ 'अंकल' मंडळी अध्यक्ष निवडतात. पहिल्या भागात 'लोक' नावाचा शांत स्वभावाचा माणूस (सायमन याम) निवडून येतो आणि शेवटी मासे धरायला सोबत नेलेल्या प्रतिस्पर्ध्याला दगडाने ठेचून मारतो. दुसऱ्या भागात त्याची मुदत संपत आली आहे, पण खुर्ची सोडायची नाही. त्याच्या मानसपुत्रांपैकी जिमी (लुई कू) हा चांगला व्यापारी. त्याला अध्यक्षपदात रस नाही; चीनच्या मुख्यभूमीवर धंदा वाढवून टोळीतून बाहेर पडायचे आहे. पण तिथला एक सुरक्षा अधिकारी त्याला अट घालतो : धंदा करायचा असेल तर आधी अध्यक्ष हो. धंद्याच्या परवान्यासाठी माणूस निवडणुकीला उभा राहतो, इतका हा पेच साधा आहे.

मूळ चिनी नावाकडे परदेशी परीक्षणांत फारसे लक्ष गेले नाही, ते जायला हवे होते. पहिल्या भागाचे नाव 'हाक से वुई', म्हणजे शब्दशः 'काळा समाज', गुन्हेगारी जगत. दुसऱ्या भागात त्याला 'यी वो वाय क्वाय' अशी जोड आहे. 'सलोखा हाच मोलाचा' या अर्थाचे हे शब्द कन्फ्यूशियसच्या 'लुन यू' या वचनसंग्रहातल्या एका वचनातून आले आहेत. बीजिंगमध्ये त्या वर्षांत हू जिंताओ यांचे सरकार 'सलोख्याचा समाज' ही घोषणा देत होते. टोळीतले म्हातारे चहाच्या पेल्यांवर सलोख्याच्या गोष्टी करतात आणि बाहेर माणसे मरत राहतात. चिनी प्रेक्षकाला नाव वाचूनच दोन्हींची सांगड घालता येत होती.

राजकीय वाचन हे या स्वागताचे केंद्र आहे. 1 जुलै 2003 ला राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध सुमारे पाच लाख लोक हाँगकाँगच्या रस्त्यांवर उतरले. एप्रिल 2004 मध्ये चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीने 2007 चा मुख्य प्रशासक, म्हणजे हाँगकाँग सरकारचा प्रमुख, सार्वत्रिक मतदानाने निवडला जाणार नाही असा निर्णय दिला. मार्च 2005 मध्ये तेव्हाचे मुख्य प्रशासक तुंग ची-ह्वा यांनी राजीनामा दिला, मग नव्या प्रशासकाची मुदत किती धरायची यावर वाद पेटला, तोही बीजिंगनेच मिटवला, आणि जूनमध्ये डोनाल्ड त्सांग बिनविरोध निवडले गेले. निवड करणारी समिती 800 जणांची. मूठभर ज्येष्ठांनी बंद खोलीत प्रमुख ठरवायचा, मुदतीवरून भांडायचे आणि शेवटचा शब्द सीमेपलीकडच्याने उच्चारायचा, हे पडद्यावर आले तेव्हा हाँगकाँगच्या प्रेक्षकाला रूपक उलगडून सांगण्याची गरज नव्हती.

याच संदर्भात आणखी एक जुनी गोष्ट समीक्षकांनी पुन्हा काढली. 1993 मध्ये चीनचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री ताओ सिजू यांनी ट्रायडचे लोकही देशभक्त असू शकतात आणि तसे असतील तर त्यांच्याशी एकजूट करावी, अशा आशयाचे विधान केले होते. हाँगकाँगमध्ये तेव्हा खळबळ उडाली. चित्रपटातला अधिकारी तीच भाषा बोलतो, मात्र मवाळ, जवळजवळ वडीलधाऱ्या सुरात. यू योंग यांनी साकारलेला हा अधिकारी संपूर्ण चित्रपटात एकदाही आवाज चढवत नाही.

चित्रपटाच्या शेवटाकडे होणारी या अधिकाऱ्याची आणि जिमीची भेट हा सर्वाधिक चर्चा झालेला प्रसंग होय. जिमी अध्यक्ष झाला आहे, दोन वर्षांनी सुटू अशी त्याची समजूत आहे. अधिकारी शांतपणे सांगतो की आता निवडणुका नकोत, पद तुझ्याच घरात राहू दे, तुझ्या मुलाकडे जाऊ दे. संघटनेत स्थैर्य हवे. जिमी त्याला मारत सुटतो. अधिकारी मार खातो, परत हात उगारत नाही आणि निघून जातो. त्याला उलटून मारण्याची गरजच नसते. ज्या मुलाला या जगापासून दूर ठेवायचे म्हणून जिमीने एवढे रक्त सांडले, ते मूल त्याच्या बायकोच्या पोटात आहे. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते हाँगकाँगच्या टोळीपटांत सत्तेचे इतके अचूक आणि इतके निःशब्द चित्र दुसरे नाही.

मतभेद झाले ते प्रामुख्याने हिंसेवर. कुत्र्यांच्या कोंडवाड्यात जिमी लोकच्या माणसांना डांबतो आणि त्यांचे मन मोडण्यासाठी त्यांच्यातल्याच एकाचे तुकडे करून, मांस यंत्रातून काढून कुत्र्यांपुढे टाकतो. काही परीक्षकांना हा प्रसंग किळसवाणा आणि अनावश्यक वाटला; बाकीचा चित्रपट संयमाने उभा राहिलेला असताना इथे तोल गेला, असे त्यांचे म्हणणे. याउलट दुसऱ्या बाजूने असे दाखवून देण्यात आले की कॅमेरा बहुतेक वेळ जिमीवर आणि पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर आहे. कोट-टाय घालणारा, हिशेब जुळवणारा माणूस या प्रसंगात स्वतःचे हात माखून घेतो आणि पुढे त्याच्यात व लोकमध्ये काही फरक उरत नाही. ही दुसरी बाजू अधिक पटते, कारण हा प्रसंग वगळला तर शेवटच्या भेटीत जिमीबद्दल निव्वळ कीव वाटेल आणि त्याच्या अपराधाचा भार हलका होईल. हाँगकाँगमध्ये चित्रपटाला तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. मुख्यभूमीवर पहिला भाग नाव बदलून दाखवला गेला होता. दुसऱ्याला तिथे वाट मिळाली नाही.

स्त्री पात्रे जवळजवळ नसणे हा आक्षेपही घेतला गेला आणि तो रास्त आहे. जिमीची बायको कथेच्या मर्मस्थानी आहे, पण तिला स्वतःचे असे काही बोलायला मिळत नाही.

अभिनयाच्या बाबतीत लुई कू यांच्याविषयीचे मत या चित्रपटाने बदलले. तोवर ते देखणे, लोकप्रिय, पण काहीसे ताठर नट म्हणून ओळखले जात. टो यांनी तो ताठरपणाच कामाला लावला. जिमीचा चेहरा प्रसंगागणिक बंद होत जातो. सायमन याम यांचा लोक पहिल्या भागात गूढ होता, इथे तो पद सुटण्याच्या भीतीने पोखरलेला, मुलाला हाताशी धरू न शकणारा बाप आहे. चेंग सिउ-क्युंग यांच्या छायाचित्रणाचे, विशेषतः वरून पडणाऱ्या प्रकाशात डोळे अंधारात ठेवण्याच्या पद्धतीचे, जवळपास सर्वांनी कौतुक केले.

'द गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाशी तुलना इतक्या परीक्षणांत आली की ती ठरीव झाली. बाहेर पडू पाहणारा तरुण, वारसा, कुटुंब, हे दुवे खरे आहेत. तरी या चित्रपटाचे खरे भांडण घरातल्याच परंपरेशी आहे. 1986 च्या 'अ बेटर टुमॉरो'पासून हाँगकाँगच्या टोळीपटांनी बंधुभाव आणि इमान यांचे मंदिर उभारले. 1996 पासूनच्या 'यंग अँड डेंजरस' मालिकेने त्याला तरुणाईचा दिमाख दिला. टो यांच्या टोळीत शपथा आहेत, मानसपुत्र आहेत, अध्यक्षपदाची खूण असलेला ड्रॅगनच्या मस्तकाचा राजदंड आहे, आणि प्रत्येक जण प्रत्येकाला विकायला बसला आहे. ही बाजू स्थानिक समीक्षकांना लगेच दिसली. परदेशात ती जाणवायला वेळ लागला.

पहिला भाग 2005 च्या कान महोत्सवात स्पर्धेत होता, दुसरा 2006 मध्ये तिथेच स्पर्धेबाहेर दाखवला गेला. अमेरिकेत तो 2007 साली 'ट्रायड इलेक्शन' या नावाने आला. आकडा गेल्यामुळे तो स्वतंत्र चित्रपट म्हणूनही पाहिला जाऊ लागला, आणि लोकच्या पतनाचा अर्धा अर्थ अशा प्रेक्षकाच्या हातून निसटतो. त्याच वर्षी स्टीफन टिओ यांचा टो यांच्या चित्रपटांवरील अभ्यासग्रंथ हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाला आणि या जोडपटाची चर्चा परीक्षणांच्या स्तंभांतून अभ्यासकांच्या वर्तुळात गेली.

पुढच्या घडामोडींनी चित्रपटाला नवे प्रेक्षक दिले. 2014 मध्ये मुख्य प्रशासकपदाचे उमेदवार आधीच चाळून घेण्याच्या बीजिंगच्या निर्णयाविरुद्ध 'छत्री आंदोलन' झाले. 21 जुलै 2019 च्या रात्री युएन लाँग स्थानकात पांढरे कपडे घातलेल्या जमावाने प्रवाशांना मारहाण केली आणि त्यामागे ट्रायडचे लोक असल्याचा आरोप झाला. 'देशभक्त ट्रायड' हे शब्द तेव्हा पुन्हा लोकांच्या तोंडी आले. 2021 मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली हाँगकाँगचा चित्रपट परीक्षण कायदा कडक करण्यात आला. 2022 मध्ये मुख्य प्रशासकपदासाठी जॉन ली हे एकमेव उमेदवार होते. 2023 च्या बर्लिन महोत्सवात परीक्षक म्हणून बसलेले टो यांनी पत्रकारांसमोर सांगितले की हुकूमशाही येते तेव्हा पहिला घाव सिनेमावर पडतो, कारण सिनेमा थेट प्रेक्षकाशी बोलतो.