जुन्या पाईपवर नवीन कमोड बसवताय? आधी फ्लँजचं बघा

दुकानात येणारे बहुतेक जण कमोडचा रंग बघतात, सॉफ्ट क्लोज सीट खाली-वर करून बघतात, पण घरातला पाईप भिंतीपासून किती लांब आहे ते मोजून कोणीच आणत नाही, मग पॉट घरी पोचला की प्लंबरचा फोन येतो, "शेठ, हा बसत नाही". म्हणून हा कागद छापलाय. फ्लँज म्हणजे पॉटचं तोंड पाईपला जोडणारा, पाणी गळू न देणारा जोड.

पाईप जमिनीतून वर आला असेल तर तो एस ट्रॅप (ट्रॅप म्हणजे पाणी धरून वास अडवणारं वळण). टाइल्स लागलेल्या भिंतीपासून पाईपच्या मध्यापर्यंत टेप लावा, साधारण ४, ९ किंवा १२ इंच येईल, त्याच मापाचा पॉट घ्यायचा. टाइल्स अजून लागायच्या असतील तर त्यांची आणि मसाल्याची जाडी वजा करायला विसरू नका. पाईप भिंतीतून येत असेल तर तो पी ट्रॅप, तिथे तयार फरशीपासून मध्यापर्यंत उंची मोजा, ७ इंचाच्या आसपास असते.

आता पाईप. नवीन पीव्हीसीचा बाहेरून ११० एमएम असतो, आपण त्याला चार इंची म्हणतो. जुन्या बिल्डिंगमधे बिडाचा निघतो, त्याच्या आत गंजाचे पापुद्रे असतात, ते खरवडून साफ केल्याशिवाय फ्लँजचं रबर धरत नाही, प्लंबर घाई करत असला तरी हे करून घ्याच. काही फ्लँज पाईपच्या आत जातात, काही बाहेरून बसतात, त्यामुळे आतलं आणि बाहेरचं दोन्ही माप आणा.

जुन्या फरशीवरच नवीन फरशी टाकली की पाईप खाली राहतो. फ्लँज तयार फरशीच्या वर टेकला पाहिजे, खाली असेल तर पाईपला तुकडा जोडून वर घ्या. व्हाइट सिमेंट भरून वेळ मारून नेऊ नका! ते कडक होतं, पॉट जरा हलला की तडा जातो आणि पाणी गुपचूप स्लॅबमधे मुरत राहतं. तुम्हाला कळतच नाही, खालच्या फ्लॅटवाले छत दाखवायला वर येतात तेव्हा कळतं. शिवाय पुढे कधी पॉट काढायचा झाला तर तो फोडूनच निघतो.

देशी भांडं काढून कमोड लावताय? मग भांड्याखालचा जुना ट्रॅपही काढा. कमोडला स्वतःचा ट्रॅप असतोच, एकामागे एक दोन झाले की मधे हवा अडकते, फ्लश सुस्त होतो आणि लोक दोष कमोडला देतात. ट्रॅप काढायचा म्हणजे थोडी तोडफोड आली, ती आत्ताच झालेली बरी.

रबरला तेल किंवा ग्रीस लावू नका, साबणाचं पाणी पुरतं. वॅक्स रिंग (मेणाची कडी) वापरत असाल तर ती एकदाच, पॉट उचलला की नवीन. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घ्या आणि दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा, एकदम जोर लावला तर सिरॅमिक तडकतं. मग चार-पाच वेळा फ्लश करून बुडाशी टिश्यू फिरवा, कोरडा राहिला तरच सिलिकॉन मारा. मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडा, उद्या आत गळालं तर पाणी तिथून बाहेर दिसेल.

सगळी मापं आणि पाईपचा वरून काढलेला फोटो दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर टाका, पॉट आणि फ्लँज बघून ठेवतो.