डब्यातून घडलेली चूल : सॅकमधल्या स्वयंपाकाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या भटक्यांना सह्याद्री गाठायचा म्हणजे आधी पुणे गाठावे लागते, आणि ते अंतर अडीचशे किलोमीटरांहून अधिक आहे. बहुतेकजण रेल्वेने जातात, आणि रेल्वेत रॉकेल, स्पिरिट किंवा गॅसची नळकांडी जवळ बाळगता येत नाहीत. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्यामुळे हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलेल्या एखाद्या तरुणाच्या सॅकमध्ये थंड पेयाच्या कॅनपासून बनवलेली, मुठीत मावणारी चूल असली, तरी ती कोरडी असते. (गाडीचे नाव १९३१ साली फाशी गेलेल्या चार सोलापूरकरांच्या स्मरणार्थ आहे.) इंधन पुण्यात उतरल्यावर शोधायचे. ही चूल अशी का झाली, हे समजून घ्यायचे तर चुलीपेक्षा इंधनाचा आणि टाकाऊ डब्यांचा इतिहास पाहावा लागतो, कारण घरगुती हलक्या चुलीचे रूप त्या त्या काळी हाताशी असलेल्या या दोन गोष्टींनीच ठरवले आहे.

चालत्या माणसाची सर्वांत जुनी चूल तीन दगडांची. तिचे वजन शून्य, कारण दगड मुक्कामावरच मिळतात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या सोलापूर जिल्ह्यातूनच पंढरपुरात येतात, आणि दिंड्यांच्या मुक्कामी गॅसच्या शेगड्या दिसू लागल्या असल्या, तरी कडेला तीन दगड मांडून पातेले चढवणारे वारकरी अजूनही दिसतात. या चुलीचा दोष जुनाच आहे : बरीचशी आच पातेल्याला न लागता वाऱ्यावर जाते. ती कोंडायची तर भोवती पत्रा हवा, आणि पत्रा घरोघरी आला तो रॉकेलच्या चौकोनी डब्यांतून. १९३७ साली डालडा बाजारात आला, तेव्हा त्यात गोल डब्यांची भर पडली.

या डब्यांची भुश्याची शेगडी आजच्या हलक्या चुलींची थोरली बहीण म्हणावी लागेल. डब्याच्या तळाशी बाजूला एक भोक पाडायचे, त्यातून एक दांडा आडवा घालायचा आणि मधोमध एक बाटली उभी धरायची. मग भोवती लाकडाचा भुसा ओंजळीओंजळीने टाकून ठोकून घट्ट बसवायचा. आधी दांडा, मग बाटली अलगद फिरवत काढून घेतली की आत कोपरासारखी वळलेली पोकळी राहते. खालून हवा शिरते, पोकळीच्या भिंती आतून जळत जातात आणि मध्ये इंधन न घालता शेगडी तासन्तास चालते. हात थरथरला तर भुसा ढासळतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. ही शेगडी पाठीवर घेऊन चालणे शक्य नव्हते, पण हवा कुठून घ्यायची आणि ज्वाळा कुठे सोडायची, हे पत्र्याला भोक पाडूनच ठरते, ही समज तिने घराघरात रुजवली होती.

दाबाच्या स्टोव्हची गोष्ट वेगळी, कारण तो घरी बनवता येत नाही. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली प्रायमस स्टोव्ह आणला. त्यात रॉकेल वातीने जळत नाही. पंपाने भरलेल्या हवेच्या दाबाने ते तापलेल्या बर्नरमधून जाते, तिथे त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून बाहेर पडून निळ्या, काजळी न धरणाऱ्या ज्वाळेने जळते. नान्सेन आणि अमुंडसेन या ध्रुवप्रवाशांनी तो ध्रुवीय बर्फात नेला, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. आणि आपल्याकडे तो स्वयंपाकघरात इतका मुरला, की स्टोव्ह म्हटला की पितळीच डोळ्यांसमोर येई. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावायचा, तो तापला की पंप मारायचा, ज्वाळा फुरफुरू लागली की पिन मारायची, आणि पंप ढिला झाला की चामड्याचा वायसर तेलात भिजवून पुन्हा बसवायचा, हा क्रम ज्यांनी केला आहे त्यांना तो सांगावा लागत नाही. ट्रेकवर मात्र हे पितळी धूड, रॉकेलची बाटली आणि त्या बाटलीचा सॅकभर पसरणारा वास, असे सगळेच जड होई. पुढे रेशनचे निळे रॉकेलही आटत गेले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस गावोगाव पोचला आणि घरात स्टोव्हच उरला नाही, तिथे ट्रेकला नेणार कोण?

काकड्याचे स्पिरिट इथे पुढे येते. युरोपात ते मुख्य इंधन म्हणून आधीपासून वापरात होते. स्वीडनच्याच ट्रांगिया कंपनीची स्थापना १९२५ सालची, आणि वारा अडवणाऱ्या कवचासह तिची स्पिरिटची चूल १९५१ साली आली. तिला ना पंप, ना पिन. सोलापूरकराला हे इंधन परके वाटण्याचे कारण नाही : जिल्हा साखर कारखान्यांचा, कारखान्यातून मळी निघते आणि मळीपासून स्पिरिट, म्हणजे इथेनॉल, होते. ते पिता येऊ नये म्हणून त्यात विकारक द्रव्ये मिसळतात, आणि त्याच्या खरेदी-साठ्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. मिथेनॉल हे त्याचे विषारी भावंड. त्याची वाफही घातक असल्याने गुहेत किंवा बंद तंबूत ते जाळू नये.

उरला प्रश्न डब्याचा. पूर्ण ॲल्युमिनियमचा, दोन तुकड्यांचा कॅन अमेरिकेत १९५९ साली बाजारात आला. रिकामा कॅन पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि एवढा पातळ, एकसारखा, कात्रीने कापता येणारा पत्रा फुकटात पूर्वी कधी मिळाला नव्हता. तिथल्या लांब पायवाटांवर महिनोन्महिने चालणाऱ्यांनी दोन कॅनचे बूड कापून एकमेकांत दाबून बसवले, आतल्या भिंतीसाठी पत्र्याची पट्टी गोल वळवून मध्ये उभी केली आणि वरच्या कडेला टाचणीने भोके पाडली. स्पिरिट मधल्या खळग्यात पेटवले की ॲल्युमिनियम तापते, दुहेरी भिंतीमधले स्पिरिट ७८ अंशांना उकळते आणि त्याची वाफ टाचणीच्या भोकांतून कडेने फुलासारखी पेटते. तत्त्व प्रायमसचेच, फक्त पंपाचे काम उष्णता करते. आपल्याकडे असे कॅन सर्रास दिसू लागले ते १९९१ च्या उदारीकरणानंतर.

बनवायला ही चूल तासाभराची आहे, पण कापलेली कडा ब्लेडसारखी असते आणि दोन बुडे एकमेकांत सरकवताना एक तरी चिरते. दुसरा दोष अधिक गंभीर : उन्हात स्पिरिटची ज्वाळा दिसत नाही, आणि विझली समजून बाटली तिरपी करणारा हात भाजून घेतो. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर चाचणी घेऊ नये, संध्याकाळी घ्यावी.

हिशेब मात्र चोख आहे. एक किलो रॉकेल सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता देते, तर इथेनॉल सुमारे २७. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी स्पिरिट दीडपटीहून अधिक न्यावे लागते. मुक्काम वाढले, माणसे वाढली की चुलीत वाचवलेले वजन बाटलीत परत येते. एक-दोघांच्या, एका रात्रीच्या ट्रेकला तिच्याइतके सोयीचे काही नाही. बारा जणांच्या खिचडीला ती खेळणेच ठरते. तिथे मोठे हिंडालियमचे पातेले आणि गॅसच हवा. लाकडे गोळा करण्याचा जुना पर्यायही खुला नाही : राखीव वनात आग पेटवण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ मनाई करतो, आणि हिवाळ्यानंतर वाळलेल्या गवताला ठिणगी लागली तर डोंगराची अख्खी सोंड वणव्यात जाते.

चूलच नको, हाही एक प्रवाह आहे. १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड या अमेरिकन आजी तंबू न घेता ॲपलाचियन पायवाट एकट्याने चालल्या, त्या बहुतांशी थंड, न शिजवलेल्या खाण्यावर. सोलापुरात त्याला वेगळे नाव द्यायची गरज पडली नाही. ज्वारीची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, शेंगाची चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, आणि दोन्ही फडक्यात बांधली की जेवण तयार. मग कॅनची चूल उरते फक्त चहासाठी. वारा अडवला, तर अर्धा लिटर पाण्याला वीस-तीस मिलिलिटर स्पिरिट पुरते, आणि ते मापायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे टोपण चालते.