भटकंतीसाठी पिकअप गाडीचे रूपांतर (सातारा-सांगली परिसर)

मालवाहू पिकअप गाडीचा हौदा, पाटे (धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या), चाके आणि विजेची जोडणी यांत फेरफार करून ती डांबरी संपल्यावरही चालेल आणि तिच्यात दोन-चार रात्रींचा मुक्काम करता येईल अशी तयार करणे. अशा प्रवासाला ‘ओव्हरलँडिंग’ म्हणतात. हा शब्द ऑस्ट्रेलियातला. तिथे गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्यांसाठी तो आधी वापरात होता. सातारा-सांगलीकडे यासाठी वेगळा शब्द नाही. ‘गाडी फिरायला तयार केली’ एवढेच लोक म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते कळते.

पिकअप हा प्रकार शेतकऱ्यांच्या गरजेतून आला. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडी कारखान्यातच हौदा बसवून विकायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात १९३४ मध्ये त्याच कंपनीने पुढे मोटार आणि मागे हौदा अशी ‘यूट’ काढली. एका शेतकऱ्याच्या बायकोने रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरे घेऊन बाजाराला नेता येईल अशी गाडी पत्र लिहून मागितली होती, अशी तिची कथा सांगतात. कृष्णाकाठच्या माणसाला ही कथा परकी वाटणार नाही. आठवडाभर खताची पोती, दुधाच्या किटल्या, उसाचे बेणे आणि एखाद्या रविवारी घरच्यांना घेऊन जोतिबा किंवा पालचा खंडोबा हेच काम इथे महिंद्रा बोलेरो कँपर करते. नावात ‘कँपर’ असले तरी या भागात त्या शब्दाचा अर्थ मागे हौदा असलेली आसनांच्या दोन ओळींची गाडी असाच आहे. मुक्कामासाठी ती वापरावी हे अलीकडच्या हौशी मंडळींनी मनावर घेतले. बोलेरोखेरीज इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (भारतात २०१६ पासून) आणि टोयोटा हायलक्स (२०२२ पासून) या गाड्या या कामी येतात. तिन्हींना शिडीसारखी स्वतंत्र चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि मागे पाटे आहेत. रूपांतराचा सगळा विचार या दोन गोष्टींपासून सुरू होतो.

प्रदेश

एकाच जिल्ह्यात दोन टोकांची जमीन असल्याने इथली गाडी ठरवणे अवघड जाते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. सांगलीतही पश्चिमेला शिराळा-चांदोलीचा ओला डोंगर आणि पूर्वेला जत-आटपाडीचे कोरडे माळ. पश्चिमेच्या सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर) जांभा दगड, घाटात लाल चिकणमाती, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात काळी कसदार माती आणि माणदेशात मुरूम व कुसळे. वाळवंटासाठी किंवा बर्फासाठी लिहिलेले परदेशी सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इथे गाडी अडकते ती बहुतेक वेळा पाणंद रस्त्यावर, उसाच्या दोन फडांमध्ये, ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत.

वजन

या विषयातली सर्वांत मोठी चूक जास्तीचे वजन ही आहे आणि ती बहुतेक जण करतात. नव्या माणसाला आधी छतावरचा तंबू, लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारे दोरीचे यंत्र) दिसते. हिशोब मात्र असा होतो: तंबू ६० किलो, पाण्याच्या ६० लिटरचे ६० किलो, पत्र्याची कॅनोपी (हौद्यावरचे बंद छप्पर) १०० ते १२० किलो, शिशाची दुसरी बॅटरी ३० किलो, भरलेला फ्रिज ३५ किलो, बंपर आणि विंच मिळून ८० किलो. त्यात चार माणसे बसली की साडेसहाशे किलोंच्या घरात गेलो, अजून शिधा आणि अंथरूण चढायचे आहे. कंपनीने दिलेली वहनक्षमता माणसे धरून आहे की सोडून, हे गाडीच्या पुस्तिकेत आधी वाचावे.

मोजण्याची सोय या भागात उत्तम आहे. साखर कारखान्यांमुळे वजनकाटे जागोजाग आहेत. गाडी पूर्ण भरून, टाकीत डिझेल आणि आत माणसे ठेवून काट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून आकडा घ्यावा आणि मग पूर्ण गाडीचा. मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबणारे वजन पुढची चाके उचलू पाहते. पसरणी किंवा आंबेनळी घाटात ओल्या वळणावर स्टिअरिंग हलके लागायला लागले तर कारण बहुधा तेच असते. म्हणून पाणी आणि बॅटरी केबिनच्या पाठीला चिकटून, खाली ठेवावी. तंबू छतावर न चढवता हौद्याच्या कडेइतक्या उंचीच्या सांगाड्यावर बसवला तर गाडी वळणावर कमी झुकते आणि वाटेतल्या आंब्याच्या फांद्याही वाचतात.

पाटे आणि शॉकअप

पिकअपचे पाटे भरल्या गाडीसाठी बनवलेले असतात, म्हणून रिकामी गाडी मागून उडते. हा त्रास टाळण्यासाठी एक पाटा काढून टाकण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे. शहरात फिरणाऱ्याला त्याने आराम मिळतो. मुक्कामाची गाडी मात्र कायम अडीच-तीनशे किलो घेऊन फिरते. पाटा काढलेला असेल तर ॲक्सल खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि उरलेले पाटे एकेक करून तुटतात. कायमचे वजन असेल तर मूळ पाटे तसेच ठेवून चांगले शॉकअप बसवणे पुरते. त्या वजनाने गाडी आपोआप मऊ होते.

उंची वाढवण्याचा मोह दोन इंचांवर थांबवावा. त्यापुढे प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलून त्याचे क्रॉस म्हणजे सांधे लवकर झिजतात, ब्रेकचा होज ताणला जातो आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. या डोंगरांत जमिनीला पोट घासण्यापेक्षा उतारावर कलंडण्याची भीती जास्त खरी आहे.

टायर

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते टायरवर घालावेत, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. सर्वसाधारण वापराला ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारी) नक्षी योग्य. मोठ्या खाचांचा चिखलाचा टायर महामार्गावर घोंघावतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते. माप वाढवताना हिशोब करावा. २४५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर, तर २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४. फरक सात टक्क्यांचा. काटा ६० दाखवत असताना गाडी ६४ च्या वेगाने जात असते, आणि सगळे गिअरही तेवढे जड होतात.

हवा कमी करणे ही फुकटची आणि सर्वांत गुणकारी युक्ती. पाणंदीच्या तोंडाशी थांबून व्हॉल्व्हची टोपी काढायची, किल्लीच्या टोकाने आतली पिन दाबायची. हवा सूं करत जाऊ लागते. पस्तीसवरून वीस-बावीस पीएसआयवर आलो की खाली जमिनीशी रबर बोटभर बाहेर फुगलेले दिसते. तेवढ्यावर थांबावे. जमिनीला लागणारा पट्टा रुंदीपेक्षा लांबीने वाढतो आणि चाक माती खणण्याऐवजी तिच्यावरून चालते. जांभ्यावर मात्र इतकी हवा सोडू नये, दगडाच्या धारेने टायरची बगल चिरते आणि बगलेला पंक्चर निघत नाही. परत डांबरीवर येताना हवा भरायला बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर सोबत हवाच. कमी हवेने वेगात गेलेला टायर तापून फुटतो.

पाणी

इंजिनची श्वासनळी छतापर्यंत नेणारा स्नॉर्कल दिसायला रुबाबदार. पण ओढा ओलांडताना पहिले नुकसान होते ते ॲक्सलचे. चालून तापलेला डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा डबा) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. महिनाभराने ऑइल सोडले तर ते दुधाच्या चहासारखे निघते. तोवर बेअरिंग गेलेले असतात. उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे. ब्रीदरला (ॲक्सलच्या हवा सोडणाऱ्या तोंडाला) रबरी नळी जोडून तिचे टोक इंजिनखान्यात उंच बांधायचे. स्नॉर्कल बसवण्याआधी हे करावे.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कोणत्याही तयारीची गाडी त्यात घालू नये. दोन फूट वाहते पाणी जड गाडीलाही वाहून नेऊ शकते. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकराला हे सांगावे लागत नाही, बाहेरून आलेल्याला लागते.

रुतल्यावर

इथला खरा तारणहार ट्रॅक्टर आहे. तो येतोही, कारण शेतकरी अडलेल्या गाडीला नाही म्हणत नाही. आपल्याकडे त्याला अडकवण्याजोगी जागा असायला हवी. चासीला बोल्टने बसवलेला हूक पुढे आणि मागे असावा. बंपरला किंवा ट्रॉली जोडायच्या गोळ्याला साखळी बांधून झटका दिला तर तो तुकडा गोळीसारखा उडतो. झटक्याने ओढायचे तर ताणणारा पट्टा लागतो, लोखंडी साखळी नव्हे. पट्टा किंवा विंचची दोरी ताणली की तिच्या मध्यावर जाड घोंगडे टाकावे. दोरी तुटली तर घोंगड्याच्या वजनाने ती खाली पडते. माणदेशातली धनगरी घोंगडी या कामाला, आणि रात्री पांघरायलाही, उत्तम. याशिवाय फावडे आणि चाकाखाली घालायच्या दोन फळ्या. एवढ्यावर विंचशिवायही बहुतेक प्रसंग निभावतात.

हौदा आणि मुक्काम

उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रकच्या बॉड्या बांधणारे कारागीर या पट्ट्यात ठिकठिकाणी आहेत. त्यांच्याकडून सांगाडा करून घेणे तयार परदेशी सामानापेक्षा स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे पडते. दोन गोष्टी त्यांना आधी सांगाव्यात. चासीला वेल्डिंग नको आणि भोकही नको. यू-बोल्टने आवळून बसवावे. हौद्यावर वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा सोडवून ठेवाव्यात, नाहीतर अल्टरनेटर आणि इंजिनचा संगणक जळण्याचा धोका असतो. त्यांची सवय ट्रॉलीची असते, म्हणून ते जाड अँगल वापरतात. चौकोनी पाइप मागून घ्यावा, तेवढ्याच ताकदीला वजन कमी लागते.

धूळ ही कॅनोपीची मुख्य तक्रार. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि ती फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) फटीतून लाल धूळ आत खेचते. अंथरुणापासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळे एकाच रंगाचे होते. फाळक्याला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावली की प्रश्न बराचसा सुटतो. आत दोन सरकते खण, एकात स्वयंपाक आणि एकात अवजारे. पाच किलोचा गॅस सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला आणि खाली हवा जायला जागा असलेल्या कप्प्यात. कास-बामणोलीकडे डिसेंबरची थंडी बोचरी असते, तरी बंद कॅनोपीत किंवा तंबूत शेगडी पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजेसाठी १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची स्वतंत्र बॅटरी पुरते. कागदावर तिच्यात १,२०० वॅट-तास असतात, पण शिशाची असेल तर निम्मेच वापरावेत. लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ४०० ते ५०० वॅट-तास खातो. १०० वॅटचे सौर पॅनेल उन्हाळ्यात तेवढे देते, आषाढ-श्रावणात नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गाडीपुढे बसवायच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. पादचाऱ्याला तो जीवघेणा ठरतो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा आणू शकतो. म्हणून काढता-घालता येणारे सामान हा सुज्ञ मार्ग. कायमचा बदल करायचा तर आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि विमा कंपनीला कळवणे. पिवळ्या पाटीच्या गाडीच्या हौद्यात माणसे बसवून नेता येत नाहीत, मग आत गादी कितीही चांगली असो. घरासारखी बांधलेली गाडी हा वेगळा प्रकार आहे. त्याला मोटार कॅरव्हॅनचे एआयएस-१२४ हे मानक लागू होते, आणि महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

सडे आणि गाड्या

चाळकेवाडी, सडावाघापूर, कास ही पठारे दुरून मोकळे माळ वाटतात आणि गाडीवाल्याला तिथे चाके सोडावीशी वाटतात. तसे कधीही करू नये. जांभ्यावरची माती कित्येक जागी बोटभरच जाड आहे. सीतेची आसवे म्हणतात ती निळी-जांभळी फुले याच ओल्या थरावर उभी असतात. पावसात साचणाऱ्या उथळ डबक्यांत वायतुरा उगवतो. त्याचे शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडले आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. त्याचा कंद त्या वीतभर चिखलात असतो. भरलेली दोन टनांची गाडी एकदा त्या डबक्यातून गेली की चाकोरी पुढच्या पावसात पाण्याची वाट होते आणि माती तिच्यातून वाहून जाते. ‘ऑफ-रोड’चा अर्थ या मुलखात डांबर नसलेली वाट असा घ्यावा, वाट नसलेली जमीन असा नव्हे. कास २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशातल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणे किंवा मुक्काम करणे गुन्हा आहे.

मुक्कामाला जागा कमी नाहीत. ऊस तुटून गेलेले रान, गावाबाहेरच्या देवळाचे आवार, शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठची खासगी पडीक जमीन, जतकडचे माळ. गावात शिरल्यावर जमीन कुणाची ते विचारावे, मालकाला किंवा पोलीस पाटलांना भेटून सांगावे आणि सूर्य मावळायच्या आत गाडी लावावी. कापणीनंतरच्या रानात दगड-ढेकळे असली तरी जमीन टणक असते. नांगरलेल्या रानात मात्र गाडी घालू नये. रात्रीत पाऊस झाला तर सकाळी ट्रॅक्टर शोधायला त्याच मालकाच्या दारात जावे लागते.