किनाऱ्यावरील सामाईक घर

किनाऱ्यावरील सामाईक घर : समुद्रालगतच्या भूखंडावर एकाहून अधिक कुटुंबांनी मिळून बांधलेले, मालकी, खर्च आणि वापर वाटून घेतलेले व तेथील वारा, पाऊस, जमीन आणि झाडोरा यांना धरून आखलेले आधुनिक निवासस्थान. पुण्यातील कुटुंबे ताम्हिणी किंवा वरंध घाटाने उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले या पट्ट्यात अशी घरे बांधू पाहतात, आणि त्यांचे आराखडेही बहुधा पुण्यातच आखले जातात. येथेच मुख्य अडचण उद्भवते. पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीच्या परिसरात ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक. त्यामुळे शहरात निभावून जाणारी सपाट गच्ची, पश्चिमेची उघडी काचभिंत आणि प्लायवूडची कपाटे किनाऱ्यावर थोड्याच पावसाळ्यांत निकामी होऊ लागतात.

या प्रकारातील सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सोनोमा किनाऱ्यावरील सी रँच वसाहतीतील, १९६५ मध्ये पूर्ण झालेली दहा घरांची सामाईक इमारत. चार्ल्स मूर, डॉनलिन लिंडन, विल्यम टर्नबुल आणि रिचर्ड व्हिटेकर या वास्तुरचनाकारांनी ती चौकाभोवती बांधली, तर लॉरेन्स हाल्प्रिन यांनी संपूर्ण वसाहतीची भूदृश्यरचना वाऱ्याचा अभ्यास करून ठरवली. बिनरंगी लाकडी भिंती, उताराची छपरे आणि वळचणीचा पूर्ण अभाव ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. वळचण नसल्याने वारा छपराखाली अडत नाही. मात्र कोकणात ती काढून टाकली तर मृगाच्या पहिल्याच सरींत भिंत भिजेल. म्हणून तेथून घ्यायची ती बांधण्याआधी वारा मोजण्याची पद्धत, रूप नव्हे.

कोकणातील जुन्या घराने पावसाचा आणि उन्हाचा प्रश्न पडवीने सोडवला होता. समुद्र पश्चिमेला, दुपारनंतरचे ऊनही पश्चिमेला आणि नैऋत्य मोसमी पाऊसही त्याच अंगाने येतो. म्हणजे ज्या दिशेचे दृश्य हवे, तिच्याकडूनच घराला सर्वाधिक त्रास होतो. पश्चिमेला खोल पडवी, तिच्यामागे माजघरासारखी सर्वांची बैठकीची खोली आणि पावसाळ्यात पडवीच्या बाहेरच्या अंगाला झावळ्यांची झापे किंवा सरकत्या लाकडी झडपा, ही रचना आजही उपयोगी पडते. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधणे अधिक सुरक्षित असते, कारण वादळात ते उखडले तरी मुख्य छप्पर त्याच्यासोबत जात नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या वाड्यांबरोबर कौले आणि पत्रेही मोठ्या प्रमाणावर उडवले. अशा वाऱ्यात दुपाखीपेक्षा चारही बाजूंनी उतरणारे, भिंतींना नीट जखडलेले छप्पर चांगले तग धरते.

भिंतींसाठी जांभ्याचा चिरा हे स्थानिक साहित्य आहे. खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. सलोह काँक्रीट वापरल्यास खाऱ्या हवेतील क्लोराइड आतील सळ्यांना गंजवते. त्यामुळे भारतीय मानक ४५६ (२०००) किनारी वातावरणासाठी किमान एम-३० प्रतीचे (एमपुढचा आकडा जितका मोठा तितके अधिक मजबूत) काँक्रीट आणि सळ्यांवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगते. लाटांचे तुषार थेट लागत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर.

घर कोठे बांधता येईल, हे आराखड्याआधी कायदा ठरवतो. समुद्रकाठच्या बांधकामावर मर्यादा घालणारी किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली आणि २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने आली. २०११ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम सर्वसाधारणपणे करता येत नव्हते आणि त्यापुढे ५०० मीटरपर्यंत घराची उंची ९ मीटर व मजले दोन इतक्यावर मर्यादा होती. २०१९ मध्ये दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागांसाठी २०० मीटरचे अंतर ५० मीटरवर आणण्यात आले. वाळूच्या टेकड्या आणि कांदळवने मात्र अतिसंवेदनशील वर्गात आहेत. नियम ज्याला मुभा देतो ते सर्व शहाणपणाचे असतेच असे नाही : टेकडी, तिच्यावरची मर्यादवेल आणि मागचा केवडा वारा व लाटा अडवतात, आणि दृश्य मोकळे करण्यासाठी हा पट्टा साफ करणारे घर आपलेच संरक्षण मोडते. कुंपणासाठी जांभ्याचा गडगा आणि वाऱ्याच्या अंगाला उंडीची झाडे पुरेशी असतात.

पाण्याबाबतही असेच. वाळूच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीपेक्षा त्याची पातळी जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलवर ते आदर्श स्थितीत पसरलेले असते. विहिरीची पातळी थोडीशी उतरली तरी खालचे खारे पाणी बरेच वर सरकते. सहा कुटुंबे एकाच सुट्टीत जमली आणि पंप दिवसभर चालला, तर आपली विहीर तर जातेच, शेजारच्या वाडीचेही शिंपण बिघडते. म्हणून छपरावरील पाण्याची साठवण आणि विहिरीपासून दूर ठेवलेली सांडपाण्याची सोय हे आराखड्याचे आरंभीचे भाग ठरतात. तरण तलाव येथे अनाठायी आहे.

वाटून घेण्याच्या बाबतीत पुण्याच्या वाड्याचा अनुभव उपयोगी पडतो. चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे, प्रत्येकाच्या खोल्या स्वतंत्र, पण विहीर आणि चौक सर्वांचा, ही मांडणी आजच्या घरात लहान, जवळपास सारख्या खोल्या आणि एकच मोठे स्वयंपाकघर अशा रूपात येते. एखादीच खोली समुद्रासमोर ठेवली तर भांडणाचे बीज नकाशातच पडते; उत्तम दृश्य पडवीला द्यावे आणि खोल्यांनी वारा घ्यावा, हे बरे. प्रत्येक कुटुंबाला कुलपाचे स्वतंत्र कपाट लागते. घर महिनोन्‌महिने बंद राहत असल्याने कुलूप असतानाही हवा खेळेल अशी जाळीची झरोकेदार वरची पट्टी नसेल, तर गाद्यांना बुरशी धरते.

मालकीसाठी सातबाऱ्यावर सर्वांची नावे सामाईक लावणे, सहकारी संस्था काढणे किंवा १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करणे असे मार्ग आहेत. जमीन शेतीची असल्यास कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. मे महिना आणि दिवाळी कोणाची, पावसाळ्यापूर्वीची कौलांची शाकारणी कोणाच्या खर्चाने, एखाद्याने हिस्सा विकायचा झाल्यास पहिला हक्क कोणाचा आणि वर्षभर घर झाडून उघडणाऱ्या स्थानिक माणसाचा पगार कोणत्या प्रमाणात वाटायचा, हे खरेदीखताच्या आधीच लेखी ठरवले जाते.