चेहरा हा शब्द आला कुठून

चेहरा फारसीतून आला एवढं बहुतेकांना माहीत असतं, पण तिथेच थांबलं तर मोठी मजा हुकते. कारण फारसीत तो आला कुठून हे बघायला गेलं की आपण फिरून संस्कृतच्याच अंगणात येतो.

आधी जरा घरचे शब्द बघू. अमरकोशात चेहऱ्यासाठी एका ओळीत सात शब्द दिलेत, "वक्त्रास्ये वदनं तुण्डमाननं लपनं मुखम्". आता यातला एकेक शब्द उघडून बघा. वक्त्र वच् पासून, वदन वद् पासून, लपन लप् पासून, तिन्ही धातूंचा अर्थ बोलणं. आनन अन् पासून, म्हणजे श्वास घेणं. आस्य आणि मुख म्हणजे तर सरळ तोंडच, आणि तुंड म्हणजे चोच, सोंड, पुढे आलेलं थोबाड, वक्रतुंड मधलं तेच. म्हणजे सातच्या सात शब्द खाण्याबोलण्याच्या अवयवावर बेतलेले आणि तिथून पसरून अख्ख्या चेहऱ्याला लागलेले. आपलं तोंड याच तुंडापासून आलंय आणि त्यालाही दोन्ही कामं करावी लागतात. तोंड धुऊन ये म्हणतो तेव्हा चेहरा, तोंड गोड करा म्हणतो तेव्हा जीभ, तोंड लपवतो ते वेगळं आणि तोंड वाजवतो ते वेगळं. कोकणीतही तोंडच, दोन्ही अर्थांनी.

चेहरा या रांगेत बसत नाही, त्याचा बोलण्याशी खाण्याशी काही संबंध नाही, तो दिसण्याचा शब्द आहे आणि मला वाटतं मराठीत तो इतका घट्ट रुजला तो याचमुळे.

आता फारसीतला प्रवास. आजच्या फारसीतला चेहरे हा इस्लामपूर्व काळातल्या मध्य फारसीत, म्हणजे ज्याला पहलवी म्हणतात तिच्यात, चिहर असा होता, आणि त्याच्याही मागे अवेस्तेच्या, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या, भाषेत चिथ्र. हा चिथ्र म्हणजे आपल्या चित्र शब्दाचा सख्खा भाऊ. आणि इथे चित्र म्हणजे भिंतीवरचं चित्र नाही हं, तो अर्थ नंतरचा, ऋग्वेदात चित्र म्हणजे लखलखीत, ठळक, नजरेत भरणारं. चित्रा नक्षत्राला ते नाव तिथला तारा तेजस्वी आहे म्हणून, त्या नक्षत्रावरून चैत्र महिना, अंगावर ठिपके उठून दिसतात म्हणून चित्ता आणि चितळ. म्हणजे चैत्र, चितळ आणि चेहरा एकाच कुळातले निघाले!

त्र चा ह्र कसा झाला असं वाटेल, पण हा एकटादुकटा योगायोग नाही, इराणी भाषांत हे नियमाने झालेलं आहे. वेदातला मित्र तो अवेस्तेत मिथ्र आणि पुढे मिहर, तोच मेहेर, आपल्या जुन्या पत्रांच्या मायन्यातला मेहेरबान त्यातलाच. आपलं क्षत्र म्हणजे सत्ता, तिकडे ख्शथ्र, मग शह्र म्हणजे राज्य, आणि पुढे अर्थ आक्रसत आपलं शहर. त्याच चालीने चित्र, चिथ्र, चिहर, चेहरा.

पण चिथ्रला अवेस्तेत दुसराही एक अर्थ होता, बीज, वंश. हे मुळात दोन वेगळे शब्द असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. इसवी सन २२४ मध्ये इराणात सासानी घराण्याची सत्ता उभी करणाऱ्या पहिल्या अर्दशीरच्या नाण्यांवर त्याच्या बिरुदात "ज्याचं चिहर देवांकडून आलेलं आहे" असे शब्द आहेत. इथे चिहर म्हणजे वंश की रूप यावर अजून वाद चालतो. वंश हा अर्थ मुंबईच्या पारशी घरांत आजही नाव बनून नांदतोय, मिनोचर हे नाव म्हणजे मनुचेहर, मूळ अवेस्तेतलं मनुश्चिथ्र, मनूच्या वंशातला.

भारतात या शब्दाने जे वळण घेतलं ते मात्र एकदम सरकारी आहे, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. अलाउद्दीन खिलजीने (राज्यकाळ १२९६ ते १३१६) सैन्यातली लबाडी थांबवायला दोन उपाय केले, घोड्याला डाग द्यायचा आणि शिपायाचं वर्णन लिहून ठेवायचं. लबाडी अशी की सरदार पगार घ्यायचे शंभर स्वारांचा आणि हजेरीच्या दिवशी कुठूनतरी उसनी माणसं आणि उसने घोडे आणून उभे करायचे. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास हीच पद्धत पुन्हा लावली आणि शिपायाच्या त्या लेखी वर्णनाला दफ्तराच्या भाषेत नाव होतं चेहरा. म्हणजे चेहरा हा एक कागद होता! विल्यम अर्विनने मुघल सैन्यावरच्या १९०३ च्या पुस्तकात असा एक नमुना दिलाय, त्यात आधी बापाचं नाव, जात, ठिकाण, आणि मग गव्हाळ रंग, रुंद कपाळ, भुवया सुट्या, डोळे मेंढीसारखे, नाक वर आलेलं, दाढीमिशा काळ्या, उजवा कान तलवारीच्या वाराने गेलेला. फोटो नसलेल्या काळात एका माणसाला कागदावर पक्कं पकडायची ही रीत, आणि त्या तुटक्या कानाची नोंद वाचताना तो शिपाई खरंच समोर उभा राहतो.

मराठीत याचं झालं चेहरेपट्टी. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात चेहरेपट्टी म्हणजे शिपाई वगैरेंच्या रंगरूपाचं टिपण असाच अर्थ आहे. आज आपण आईची चेहरेपट्टी घेतलीये म्हणतो तेव्हा त्यात दफ्तराचा मागमूस राहिलेला नाही, कागदाचं नाव थेट माणसाच्या ठेवणीला जाऊन चिकटलं. आणि ते टिपण गेलंय असंही नाही, बेपत्ता व्यक्तीची सूचना वाचा पेपरात, रंग गहूवर्ण, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ, अंगात अमुक रंगाचा शर्ट. शर्ट सोडला तर मांडणी तीच.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोशात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, पुढे विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश काढून अशा शब्दांचा रीतसर हिशोब मांडला. पण या सगळ्यात चेहरा जागचा हलला नाही. त्याला काढून तिथे कुणाला बसवणार, मुख म्हटलं की भाषा सोवळ्यात जाते, वदन कवितेत, आणि तोंड म्हटलं की भांडण झाल्यासारखं वाटतं. कुणाला सुनवायचं असलं की आरशात तोंड बघ हेच येतं आणि कौतुक करायचं असलं की चेहरा हसरा. चर्या हाही शब्द होता, मूळ अर्थ वागणूक, मराठीत तो चेहऱ्यावरच्या भावावर आला, पण तो भावापुरताच राहिला, आणि आता तर फारसा ऐकूही येत नाही.

देवाच्या बाबतीत मात्र चेहऱ्याला प्रवेश मिळालेला नाही. तुकोबा "पाहीन श्रीमुख आवडीने" म्हणतात आणि आजही विठोबाचा चेहरा असं सहज तोंडात येत नाही, मुखदर्शनाची रांगच असते. लग्नात सासू आरशात नव्या सुनेला बघते ते सूनमुखच. तेच लग्न आटोपून घरी आलं की बायका नवरीचा चेहरा किती गोड आहे म्हणतात.