लसींच्या फ्रिजसाठी वीजस्रोताची निवड (कोल्हापूरचा घाटभाग)

बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत त्यासाठी कोणती वीज वापरायची, हे वर्षाच्या सरासरीवर ठरवले की चुकते. हिशोब जुलैचा धरावा.

पहिला प्रश्न लाईट किती तास असते हा. रोज किमान ८ तास वीज आणि सलग ४८ तासांपेक्षा कमी खंड, एवढे जमत असेल तर महावितरणच्या विजेवरचा आयएलआर (बर्फाचे अस्तर असलेला फ्रिज) हाच स्वस्त आणि टिकाऊ पर्याय. अस्तर पूर्ण गोठलेले असेल तर ४३ अंशांच्या उष्म्यातही तो किमान २० तास तग धरतो. घाटातल्या पावसाळी गारव्यात त्याहून जास्त. मात्र लाईट तासाभरासाठीच येऊन जात राहिली तर अस्तर पुरते गोठत नाही आणि हा आधार संपतो. स्टॅबिलायझर हवाच, कारण कमी दाबाने कॉम्प्रेसर जळतो. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर (ज्याची वीज महावितरणच्या विजेसारखी गुळगुळीत लहरींची नसते) त्याला जोडू नये.

वीज त्याहून कमी असेल तर बॅटरीविना चालणारा सौर फ्रिज. तो ऊर्जा बॅटरीत नव्हे, बर्फात साठवतो. ऊन नसताना किमान ३ दिवस तापमान राखणे अपेक्षित असते. जुन्या सौर फ्रिजांचा दुखरा भाग बॅटरीच होता: ती काही वर्षांत बदलावी लागते, शिवाय कोणी तरी तिच्यावर पंखा, दिवा जोडतोच. इथली अडचण वेगळी. झाडे पडून तारा तुटतात त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते. म्हणून पॅनेलची क्षमता सर्वांत कमी उन्हाच्या महिन्यावर काढावी. उतार दक्षिणेकडे, १० अंशांहून सपाट ठेवल्यास पाणी साचून शेवाळ धरते. एका फांदीची सावलीसुद्धा उत्पादन बरेच पाडते.

गॅस किंवा रॉकेलवरचे फ्रिज टाळावेत. ज्योतीवर तापमान नीट आवरत नाही, लस गोठते. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची), हिपॅटायटिस-बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी गोठल्या की निकामी होतात, आणि कुपीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता दाखवतो, गोठणे नाही. शंका आली तर शेक टेस्ट (कुपी हलवून साका किती लवकर बसतो ते पाहणे) करावी.

जनरेटर आयएलआरला जोड म्हणून ठीक, पण तोही स्टॅबिलायझरमधूनच. डिझेल आधी भरून ठेवावे. घाट बंद झाल्यावर ते वर पोचत नाही.